सोसायटीतली परसबाग: तुम्ही विचारलंत म्हणून

मागच्या अंकात आमच्या सोसायटीच्या मागच्या बाजूला, जिथं आधी नुसता राडारोडा पडलेला असायचा तिथं, 48 घरांनी मिळून परसबाग कशी केली ते लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं, मेल आणि व्हॉट्सॲप मेसेज आलेत की या वेळचं सदर पूर्ण त्यालाच देतेय. सगळे प्रश्न घेता आले नाहीत, सारखे होते ते एकत्र केलेत. काहींनी विचारलंय तुम्ही शेतीतल्या आहात का, तर नाही. माझं लहानपण साताऱ्याकडं गेलं, घरामागं मोरीचं पाणी जायचं तिथं आजीनं लावलेला अळू आणि दोन केळी होत्या, तेवढंच माझं शिक्षण. बाकीचं गेल्या सहा वर्षांत चुकत चुकत शिकलेय.

प्रश्न: आमच्या सोसायटीत (60 फ्लॅट) मागं बरीच मोकळी जागा आहे. एजीएममध्ये परसबागेचा विषय काढला तर सेक्रेटरी म्हणाले, कोथिंबिरीची जुडी पंधरा रुपयाला मिळते, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला, त्यापेक्षा पेव्हर ब्लॉक टाकू, चार गाड्या लागतील. त्यांना काय सांगू? (डोंबिवली)

पहिलं म्हणजे कोथिंबिरीवरून वाद घालू नका, कारण त्या हिशोबात ते बरोबर आहेत. 60 घरांना पुरेल एवढी भाजी तुमच्या मागच्या जागेत होणार नाही, आमच्याकडंही होत नाही. आठवड्यातनं एकदा एखादी पालेभाजी, चटणीपुरत्या मिरच्या, कढीपत्ता कायमचा आणि दिवाळीच्या पुढं वालाच्या शेंगा, एवढंच घराला येतं. भाजीच्या बिलावर मांडलात तर तुमचा विषय पहिल्याच मीटिंगला पडेल.

त्यांच्याशी कचऱ्यापासून बोला. घरातल्या कचऱ्यात अर्ध्याच्या वर ओला कचरा असतो, आणि 2016 च्या घनकचरा नियमांपासूनच मोठ्या सोसायट्यांनी तो आपल्याच आवारात जिरवावा अशी अपेक्षा आहे. खूप सोसायट्या महागडं मशीन घेतात, खत तयार करतात, मग त्या खताच्या गोण्या जिन्याखाली पडून राहतात कारण घालायचं कुठं हाच प्रश्न. बाग असली की ती गोणी जाते. आमच्याकडं आठवडाभर मीच वजनकाटा घेऊन बसले होते, दिवसाला वीस-पंचवीस किलो ओला कचरा निघत होता, आता त्यातला बहुतेक गेटच्या बाहेर जात नाही. पुण्यात गांडूळखत, सोलर, पावसाचं पाणी साठवणं अशा गोष्टींसाठी मिळकत करात सवलत मिळते, तुमच्या महापालिकेत काय आहे ते वॉर्ड ऑफिसला विचारून घ्या आणि तो कागद घेऊनच मीटिंगला जा. सेक्रेटरींना कागद आवडतो.

दुसरं पाण्याचं. पेव्हर ब्लॉकवर पडलेला पाऊस बहुतेक सगळा सरळ गेटकडं पळतो, डोंबिवलीत जुलैत काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. उघडी, पाचोळा घातलेली जमीन पाणी पिते, तुमच्या बोअरला त्याचाच आधार. आणि उन्हाळ्यात दुपारी फरशीवर आणि झाडाखाली एकेक मिनिट अनवाणी उभं राहायला सांगा त्यांना, म्हणजे जास्त बोलावं लागणार नाही.

तिसरं माणसांचं, पण ते मीटिंगमध्ये सांगून कुणाला पटत नाही म्हणून तुमच्यापुरतं सांगते. अमेरिकेत डेन्व्हर भागात 291 लोकांवर एक अभ्यास झाला, 2023 साली छापून आला. ज्यांना बागेत वाफा हवा होता त्यांच्यातल्या निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून सामुदायिक बागेत वाफा दिला आणि बाकीच्यांना वर्षभर थांबवलं. वाफा मिळालेल्यांच्या रोजच्या खाण्यात तंतुमय पदार्थ थांबवलेल्यांपेक्षा साधारण 1.4 ग्रॅमनी जास्त होते, आठवड्याची हालचाल वाढली, ताण आणि काळजी कमी झाली. 1.4 ग्रॅम ऐकायला काहीच वाटत नाही, पण त्या लोकांना कुणी डाएट दिलं नव्हतं, पालेभाजी खा म्हणून लेक्चर दिलं नव्हतं, मातीचा तुकडा, थोडं बी आणि रोपं, बागकामाची तोंडओळख आणि शेजारी वाफा करणारी माणसं एवढंच दिलं होतं. मला त्यातलं शेजारी वाफा करणारी माणसं हेच महत्त्वाचं वाटतं. घरात बाल्कनीत कुंडी सगळेच लावतात, ती वाळली तर कुणाला कळत पण नाही.

आणि मागताना सगळी जागा मागू नका. दहा बाय वीस फूट मागा, एक वर्षासाठी, ठरावात तसं लिहून घ्या, पाणी किती वाजता घेणार आणि खर्च कोण करणार तेही लिहा. पार्किंगवाल्यांना उरलेली जागा राहू दे. वर्षभरानं बघू म्हणा.

प्रश्न: आमच्याकडं खाली जागाच नाही, टेरेसवर करायचं ठरतंय. पण वरच्या मजल्यावरचे दोन मेंबर म्हणतात गळती होईल, स्लॅबला धोका आहे. ते उगाच अडवतायत का? (ठाणे)

उगाच नाही हो. त्यांच्याच डोक्यावर ती बाग असणार आहे, त्यांची भीती खरी आहे, आणि याबाबतीत मी त्यांच्या बाजूनं आहे.

हिशोब सांगते. लोकांची ये-जा असलेली टेरेस डिझाइन करताना साधारण चौरस मीटरला 150 किलो वजन धरतात. आता एका चौरस मीटरवर फूटभर जाड ओली माती घातलीत तर पाचशे किलोच्या आसपास वजन होतं. म्हणजे तिप्पट! आणि तेही पावसाळ्यात कायम. त्यामुळं टेरेसवर वीटकाम करून मातीचे वाफे हा प्रकार स्ट्रक्चरल इंजिनियरनं लेखी दिल्याशिवाय करायचाच नाही, आणि बिल्डिंग जुनी असेल, सळ्या दिसत असतील, प्लास्टर पडत असेल, तर टेरेस विसरा आणि जिन्याच्या बाजूला, कंपाऊंडच्या कडेनं जेवढी जागा मिळेल तेवढ्यात करा.

चांगल्या बिल्डिंगमध्ये उपाय म्हणजे मातीच कमी वापरायची. मुंबईत शहरी शेतीचे प्रयोग करणाऱ्या डॉ. आर. टी. दोशींनी हे फार आधी करून दाखवलं, उसाचं चिपाड पिशव्यांत, ड्रममध्ये भरायचं, वर थोडी माती आणि खत, आणि त्यात भाजी काय, फळझाडंसुद्धा. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या सेंट्रल किचनच्या गच्चीवर तर कामगारांच्या स्वयंपाकातला ओला कचरा तिथंच कुजवून त्यावर बाग उभी राहिली. आम्ही रसवंतीवाल्याकडनं चिपाड आणतो, तो फुकट देतो, उलट त्याला बरंच पडतं. चिपाड, वाळका पाचोळा, कंपोस्ट आणि एखाद-दोन पाट्या माती असं भरलं तर ड्रम अर्ध्या वजनात होतो. फक्त ते वर्षात खाली बसतं, परत भरावं लागतं.

ड्रम भिंतीच्या कडेनं, बीमवर ठेवायचे, स्लॅबच्या मधोमध नाही. खाली विटा किंवा लोखंडी स्टँड, म्हणजे पाणी वाहून जातं आणि झाडू फिरतो. आमचं पहिल्या वर्षी इथंच चुकलं, आम्ही ग्रो बॅग थेट फरशीवर मांडल्या, पाचोळ्यानं पाण्याचं तोंड तुंबलं, ऑगस्टमध्ये तीन दिवस पाणी साठून राहिलं आणि खालच्या घरात मुलांच्या खोलीत ओल आली. त्या घरानं वर्षभर आमच्याशी नीट बोलणं टाकलं होतं आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. वॉटरप्रूफिंगचा खर्च आम्ही बागवाल्यांनी वर्गणी काढून भरला, त्यानंतर बाग खाली नेली. तुम्ही आधी वॉटरप्रूफिंग करून घ्या, पावसाळ्यात पाण्याची तोंडं रोज साफ करायला एका माणसाचं नाव ठरवा, आणि वड, पिंपळ, उंबराचं रोप कुठंही उगवलेलं दिसलं की त्याच दिवशी काढा.

प्रश्न: आम्ही आठ जणी राबतो आणि तयार झालेली वांगी, मिरच्या भलतेच तोडून नेतात. कॅमेरा लावावा का? (नाशिक)

नका लावू. हा प्रश्न अकरा जणांनी विचारलाय, म्हणजे प्रत्येक बागेत हे होतं, आमच्यातही झालं, आणि ते सांगितल्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

दुसऱ्या वर्षी आमची हिरवी काटेरी वांगी सारखी गायब व्हायला लागली. ग्रुपवर मेसेज पडले, कुणी कुणाचं नाव घेतलं, दोघी बाग सोडून गेल्या. मग एकदा मी दुपारी तीनला खाली गेले, एप्रिलचं ऊन, आणि बघते तर वॉचमनची बायको पाइप धरून वाफ्यांना पाणी देतेय. आम्ही सगळे सकाळी सातला पाणी घालून ऑफिसला जायचो आणि बाग उन्हाळ्यात एवढी टवटवीत राहते म्हणून स्वतःचंच कौतुक करायचो. ती दोन महिने रोज दुपारी पाणी घालत होती, तिला कुणी सांगितलं नव्हतं. वांगी तीच नेत होती, दोन-चार, आणि तिच्या मते त्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच, गावाकडं जो पाणी घालतो तो खातो. आमच्या पाळीच्या तक्त्यात 48 घरं होती, गेटजवळची ती खोली नव्हती. पुढच्या महिन्यात तिला स्वतःचा वाफा दिला, तिनं त्यात अंबाडी लावली, आमच्यातल्या निम्म्यांना अंबाडीची भाजी तिनं शिकवली.

म्हणून आधी शोधा की तुमच्या बागेत कोण कोण राबतं, नुसतं कुणाचं नाव लिहिलंय ते नाही. मग जागेचे दोन भाग करा. आतले वाफे ज्याचे त्याचे, नावाची पाटी लावून, तिथं दुसऱ्यानं हात लावायचा नाही. बाहेरची कडा मात्र सगळ्यांची, येणाऱ्या-जाणाऱ्याचीसुद्धा, तिथं कढीपत्ता, गवती चहा, पुदिना, ओवा, शेवगा असलं लावायचं, जे तोडलं की आणखी फुटतं. माणसाला चहात टाकायला दोन पाती हक्कानं मिळाली ना, की तो आतल्या वांग्याकडं बघत नाही, हा माझा अनुभव आहे. आणि सामायिक भाजीची तोडणी एकाच वेळी, आमच्याकडं शनिवारी संध्याकाळी सहाला, सगळ्यांसमोर, वाटे घालून. जो आला नाही त्याचा वाटा शेजाऱ्यानं न्यायचा.

प्रश्न: कंपोस्टच्या टाकीला घाण वास येतो, अळ्या झाल्यात, लोक बंद करा म्हणतायत. (पिंपरी)

वास म्हणजे पाणी जास्त आणि हवा कमी. ओल्या कचऱ्यात कोरडं पडत नसणार. एक बादली ओलं टाकलं की निदान एक बादली वाळका पाचोळा, लाकडाचा भुसा किंवा नारळाच्या शेंड्यांचा चुरा टाकायचाच, आणि दोन-तीन दिवसांनी फावड्यानं खालीवर करायचं. पाचोळ्याच्या गोण्या आधी जमवून टाकीशेजारी ठेवा, लांब ठेवलात तर कुणी टाकत नाही. उरलेली आमटी, ताक, मटण, मासे सध्या बंद. थोडं आधीचं तयार खत किंवा शेणाचा काला विरजणासारखा घाला. अळ्या दिसल्या म्हणून घाबरू नका, त्यातल्या बऱ्याचशा कचरा खाणाऱ्याच असतात, कोरडं वाढवलं की कमी होतात. आठ-दहा दिवसांत फरक पडेल. आमच्याकडं पाच किलो कचऱ्याचं साधारण एक किलो खत होतं, काळं, चाळून घेतलं की चहाच्या भुकटीसारखं, आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो त्याला. ते जे बंद करा म्हणतायत ना, त्यांच्या घरी एकेक पिशवी तुळशीला म्हणून नेऊन द्या.

प्रश्न: बागेनं डास आणि डेंग्यू वाढेल का? (वसई)

मातीनं नाही, साठलेल्या पाण्यानं. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणजे कुंडीखालच्या बशा, झारी, बादल्या, ड्रमची झाकणं दर रविवारी उपडी करून घासली तर साखळी तुटते. घासायची, नुसती ओतायची नाहीत, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात. पाणी साठवायचा पिंप कापडानं घट्ट बांधा.

प्रश्न: आई गेल्यावर बाबांना (वय 74) बीड जिल्ह्यातल्या गावाहून आमच्याकडं आणलंय. आयुष्यभर शेती केली, आता दिवसभर टीव्हीसमोर बसून असतात, बोलत नाहीत. सोसायटीच्या बागेत घेऊन गेले तर म्हणाले, हे काय पोरखेळ. आता काय करू? (खारघर)

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

बाबा म्हणाले ते मनाला लावून घेऊ नका. ज्यानं एकरात ज्वारी-कापूस केलाय त्याला दहा बाय चारचा वाफा दाखवून तुमचा वेळ जाईल म्हटलं की त्याला ते लागणारच. वेळ घालवायला शेती नसते करत ते लोक. त्यांना बागेत बसवू नका, त्यांना विचारा. खरा प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर तुम्हाला येत नाही असा.

आमच्याकडं एक आजोबा आहेत, मराठवाड्यातलेच, तेही असेच लांब बाकावर बसून असायचे. एकदा पावसानंतर दुसऱ्याच दिवशी आमच्यातली दोन मुलं, दोघंही आयटीतली, खुरपी घेऊन वाफा खणायला लागली आणि चिखलाची ढेकळं निघायला लागली, तर आजोबा बाकावरनं ओरडले, अरे वाफसा तर येऊ द्या! मुलांना वाफसा म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. मग आजोबा उठले, मूठभर माती घेतली, लाडू वळल्यासारखी दाबली, आणि कमरेइतक्या उंचीवरनं खाली सोडली. फुटली नाही. म्हणाले हिला अजून दोन दिवस, ही फुटंल तवा हात लावा. ओल आहे पण हवाही खेळतेय, बी पेरायला, खणायला जमीन तयार आहे, ती स्थिती म्हणजे वाफसा. तिसऱ्या दिवशी त्या पोरांनी माती मुठीत दाबून फोटो काढला आणि आजोबांच्या मुलाला व्हॉट्सॲपवर पाठवला, आजोबांना दाखव, वाफसा आला का विचार. आजोबा फोटो बघून म्हणाले, फोटूत काय कळतंय, आणि चप्पल घालून खाली आले. तेव्हापासून पेरणीची तारीख तेच ठरवतात. आम्ही पंचांग बघतो तसं लोक त्यांच्याकडं बघतात.

तेव्हा बाबांना असं काहीतरी हातात द्या. गावाकडचं बी मागवा, वाल, गवार, चाकवत, जे तुमच्या घरी जपलेलं असेल ते, कुणाकडनं आणायचं ते त्यांनाच ठरवू द्या, त्या निमित्तानं गावाला चार फोन होतील. त्यांचं काही चुकेल पण, कारण शहरात बिल्डिंगची सावली असते, तीन तास ऊन मिळतं, त्यांचं गणित मोकळ्या रानाचं आहे. चुकलं तर चुकू द्या, कुणी हसू नका, पुढच्या वेळी ते स्वतःच जागा बदलतील. गुडघ्यांचा त्रास असेल तर दोन-अडीच फूट उंचीचा वाफा करून घ्या, उभ्यानं काम होतं. पाण्याच्या बादल्या त्यांना उचलू देऊ नका, आणि सकाळी नऊनंतर ऊन नको. लगेच बोलायला लागतील अशी आशा नका धरू. आई गेल्याचं दुःख बागेनं जात नाही. पण सकाळी उठून कुठंतरी जायचं आहे आणि तिथं आपली वाट बघतंय कुणीतरी, हे या वयात फार मोठं असतं. दोन-तीन महिन्यांनीही झोप, जेवण बिघडलेलंच असेल तर डॉक्टरांना दाखवायला मात्र उशीर करू नका.

प्रश्न: आमची जागा मेन रोडला लागून आहे, पलीकडं नाला. तिथली भाजी खाण्यासारखी असेल का? (कुर्ला)

आधी नाल्याचं बोलते, ते पाणी भाजीला अजिबात नाही. रुळांच्या कडेचा पालक आपण सगळ्यांनी लोकलमधनं बघितलाय आणि त्याच्या पाण्याबद्दल काय बोललं जातं तेही ऐकलंय, आपण स्वतः लावताना तरी तसं करायचं नाही.

रस्त्याकडच्या जुन्या मातीत शिसं असू शकतं. शिशाचं पेट्रोल आपल्याकडं 2000 साली बंद झालं पण शिसं मातीतून आपोआप जात नाही, शिवाय जुन्या रंगाचे पोपडे, बांधकामाचा राडारोडा. लहान मुलं मातीत हात घालून तोंडात घालतात, त्यांना याचा धोका सगळ्यात जास्त. म्हणून मूळ जमिनीत लावू नका, वर जाड कापड अंथरून फूट-दीड फूट उंच वाफे करा आणि बाहेरनं चांगली माती आणि स्वतःचं कंपोस्ट भरा. रस्त्याच्या बाजूला दाट झुडपांची रांग, अडुळसा चालेल, धूळ अडते. रस्त्याकडच्या वाफ्यात पालेभाजी आणि मुळा-गाजर टाळा, दुधी, दोडका, भेंडी, वाल असं फळ खायचं लावा, त्यात शिसं कमी उतरतं. माती तपासायला देताना जड धातू बघून द्या असं वेगळं सांगावं लागतं, नेहमीच्या माती परीक्षणात ते नसतं. आणि कितीही घरची असली तरी भाजी वाहत्या पाण्यात धुवा.

प्रश्न: आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहारासाठी परसबाग आहे, मुलं छान करतात, पण मे महिन्याच्या सुट्टीत सगळं वाळून जातं. (सातारा जिल्हा)

सर, माझ्या गावाकडचं पत्र, फार बरं वाटलं. मे महिन्यात भाजी जगवायच्या मागंच लागू नका. जून ते मार्च एवढाच हंगाम धरा. पावसाळ्यात भेंडी, गवार, दोडका, ऑक्टोबरनंतर मेथी, पालक, मुळा, टोमॅटो, आणि परीक्षा झाल्या की वाफे मोकळे करून वर वीतभर पाचोळा पसरून सोडून द्या, जून येईपर्यंत जमीन मऊ होते. कायमची झाडं म्हणजे शेवगा, कढीपत्ता, लिंबू, यांच्या बुडाशी एकेक जुना माठ पुरा, तळाला बारीक भोक पाडून वात घाला आणि तोंडावर झाकण ठेवा, एकदा भरला की तीन-चार दिवस निघतात. माठ भरायला शाळेजवळ राहणाऱ्या दोन-तीन मुलांची नावं ठरवा, सुट्टीत शाळेची किल्ली नाही पण झाडांचा माठ आपल्याकडं आहे याचं मुलांना काय वाटतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. हात धुण्याच्या जागेचं पाणी केळीला काढून दिलंय का? ते पाणी सुट्टीत बंद होतं, म्हणून केळी शाळेच्या नळापेक्षा गावच्या हापशाजवळ लावलेली बरी.

प्रश्न: इकडं कौन्सिलकडनं भाड्यानं अलॉटमेंट (भाजीपाला लावायला जमिनीचा तुकडा) मिळाली, मोठी आहे, एकटीला झेपत नाही. इथं मेथी, अळू येतो का? (लेस्टर, इंग्लंड)

मेथी मे ते ऑगस्ट छान येते, दर दोन आठवड्यांनी थोडी थोडी पेरा, एकदम नको. अळूला तुमचं बर्फ सोसत नाही, कंद थंडीत काढून घरात कोरड्या जागी ठेवावे लागतील. तिकडं पूर्ण प्लॉट म्हणजे जुन्या मापानं साधारण 250 चौरस मीटर, अडीच गुंठे झाले ते, एकटीनं करायची गोष्टच नाही. कौन्सिलला विचारून अर्धा परत देता येतो का बघा, नाहीतर दोन-तीन मराठी-गुजराती घरं मिळून करा. आणि शेजारच्या प्लॉटवरच्या म्हाताऱ्या माणसांशी ओळख करा, तिथली थंडी कधी संपते ते त्यांना बरोबर कळतं.

प्रश्न: दोन वर्षांपूर्वी तीस जणांनी उत्साहानं कॉलनीची बाग सुरू केली. आता आम्ही तिघंच उरलोय आणि खरं सांगायचं तर दमलोय. बंद करावी का? (कोल्हापूर)

बंद नका करू, लहान करा.

तुमच्या कोल्हापुरातच श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवार उभा केला. दहा गुंठ्यांत पाच माणसांचं घर कसं चालेल ते त्यांनी मांडलं, पण मला त्यातलं जास्त मोलाचं वाटतं ते हे की त्यांनी शेतकऱ्यांना शिकवलं नाही, शेतकऱ्यांनी एकमेकांना आपापले प्रयोग सांगायचे, चुकलेलेसुद्धा, अशी पद्धत पाडली. सामायिक बाग मोडते ती पाण्यावाचून नाही मोडत, सांगणंविचारणं बंद झालं की मोडते. दोघं-तिघं सगळं करायला लागतात, बाकीच्यांना वाटतं त्यांचं चाललंय व्यवस्थित, मग या तिघांना राग यायला लागतो, तो तोंडावर दिसतो आणि उरलेले यायचे पण बंद होतात. आमच्याकडं चौथ्या वर्षी अगदी हेच झालं, मी स्वतः त्या रागावलेल्यांतली होते, आणि माझ्यामुळं तीन-चार घरं लांब गेली हे मला नंतर कळलं.

आम्ही मग असं केलं. बाग अर्धी केली, उरलेल्या जागेत बिनकष्टाची झाडं, शेवगा, केळी, कढीपत्ता. कामं एवढी बारीक केली की कुणालाही वीस मिनिटांच्या वर लागू नये, सोमवारचं पाणी, बुधवारचं पाणी, पाचोळा गोळा करणं, टाकी हलवणं, बी सांभाळणं. प्रत्येक कामाला एक घर, महिन्यानं बदल. तक्ता ग्रुपवर नाही, लिफ्टच्या शेजारी कागदावर, खडूनं नाही तर पेननं. ज्याला जमलं नाही त्यानं शेजाऱ्याला सांगायचं, दंड वगैरे काही नाही, दंड लावला तर लोक दंड भरतात आणि येत नाहीत. आणि महिन्यातनं एकदा तिथंच बसून खायचं काहीतरी, बागेतलं एक तरी त्यात असलं पाहिजे. पहिल्या वेळी आमच्याकडं नुसता गवती चहा आणि शेवग्याच्या पाल्याची भजी होती, एकोणीस लोक आले. ज्यांना मातीत हात घालायचा नाही अशीही माणसं असतात, एक काका फक्त हिशोब लिहितात, एक मुलगी फोटो काढते, तेही बागेतच काम आहे.

तुम्ही जूनपासून पाच वाफे धरा, जास्त नाही. मृगाचा पाऊस पडून वाफसा आला की दोडका, भेंडी आणि कडेनं वाल, हे पहिल्या वर्षी हमखास येणारं. ज्या 27 घरांनी सोडलंय त्यांच्या दारी जाऊन या म्हणू नका, प्रत्येकी एक-दोन वालाची रोपं प्लास्टिकच्या ग्लासात करून द्या, आठ दिवस खिडकीत सांभाळून आणून लावा म्हणून सांगा, वेलाला नाव त्या घराचं. सगळी नाही येणार, सहा-सात आली तरी पुष्कळ. आणि तोपर्यंत तुम्ही तिघांनी सुट्टी घ्या. वाफ्यांवर पाचोळा पसरा, पाइप गुंडाळून ठेवा, कढीपत्त्याला चार दिवसांनी तांब्याभर पाणी चालतं.